फॉरेस्टरांच्या घरातले पाहुणे

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेवरच्या व्हिडिओ गेममध्ये मालिकेतला खलनायक रॅमसे स्नो फॉरेस्टर घराण्याच्या आयर्नरॅथ किल्ल्याच्या दालनात शिरतो, तेव्हा तो तिथून जिवंत बाहेर पडणार हे खेळणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. मालिकेत त्याची पुढची कामं ठरलेली आहेत, त्याला हात लावता येत नाही. त्याच्यासमोर उभा असलेला ईथन फॉरेस्टर मालिकेत कुठेच नाही. म्हणून तो मरू शकतो, आणि मरतो. मिसरूड न फुटलेला पोरगा. बाप मेला, थोरला भाऊ मेल्याची बातमी आली, म्हणून घराण्याची गादी त्याच्याकडे आली. चोराची बोटं छाटायची की त्याला माफ करायचं, दोन जुन्या माणसांपैकी कारभार कोणाच्या हाती द्यायचा, हे सगळं त्याच्या वतीने आपण ठरवलेलं असतं. आपल्याला वाटतं, आता हाच आपला नायक. पहिला भाग संपायच्या आत रॅमसे त्याच्या गळ्यात सुरा खुपसतो.

‘गेम ऑफ थ्रोन्स’वर टेलटेलने केलेल्या खेळाचं बळ आणि दुखणं, दोन्ही मला या एका प्रसंगात दिसतात. ईथनसाठी जीव तुटतो, ते बळ. रॅमसेसमोर आपण काय बोलतो याला शून्य किंमत असते आणि ती शून्य आहे हे आपल्याला माहीत असतं, ते दुखणं.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. टेलटेल गेम्स ही कॅलिफोर्नियातली कंपनी. २०१२मधल्या ‘द वॉकिंग डेड’ या खेळाने तिचं नाव झालं. बंदुकीपेक्षा बोलण्यावर चालणारे खेळ ही तिची खासियत. समोरचा काहीतरी बोलतो, पडद्यावर तीन-चार उत्तरं येतात, खाली वेळेची पट्टी आक्रसत जाते, आणि ती संपायच्या आत आपण एक उत्तर निवडायचं. गप्प राहणं हेही एक उत्तर असतं. मग कोपऱ्यात ओळ उमटते, अमुक माणूस हे लक्षात ठेवेल. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे सहा भाग डिसेंबर २०१४ ते नोव्हेंबर २०१५ या काळात एकेक करून आले. गोष्ट सुरू होते मालिकेच्या तिसऱ्या पर्वातल्या त्या रक्तरंजित लग्नाच्या रात्री आणि पाचव्या पर्वाच्या तोंडाशी येऊन थांबते. पण ती स्टार्क किंवा लॅनिस्टर घराण्याची नाही. ती उत्तरेतल्या फॉरेस्टर नावाच्या एका लहान घराण्याची आहे. या घराण्याकडे आयर्नवुड नावाच्या झाडांचं जंगल आहे. त्या झाडाचं लाकूड लोखंडाच्या तोडीचं टणक, ढाली आणि जहाजं करायला सगळ्यांना हवं असलेलं. शेजारच्या व्हाइटहिल घराण्याचा त्यावर पिढ्यान्‌पिढ्या डोळा. राजा बदलतो, फॉरेस्टर हरलेल्या बाजूला असतात, आणि व्हाइटहिलांना संधी मिळते.

आमच्या घरी हा खेळ मी एकटीने खेळले नाही. एका मे महिन्यात धाकटा भाऊ पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आला होता. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारी कोणी कुठे जात नाही, आणि रात्री भिंतींमधून उष्णता निघत राहते, झोप लागत नाही. कूलरसमोर लॅपटॉप मांडून आम्ही बसायचो. दोन-तीन रात्रींनी आईही येऊन बसली. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मी एकेक वाक्य मराठीत सांगायची. वेळेची पट्टी तेवढी सवड देत नाही. भाऊ ओरडायचा, “काय करलालीस गं ताई, उत्तर दे की!” तोवर पट्टी संपलेली असायची आणि फॉरेस्टरांचा थोरला मुलगा, आमचा रॉड्रिक, किंवा त्याची बहीण, आमची मीरा, गप्प राहिलेली असायची. मग आईच म्हणायला लागली, “राहू दे, गप्पच बसव तिला. मोठ्या माणसांपुढं गप्प बसलेलं बरं.” राणी सर्सीसमोर आमची मीरा बऱ्याचदा गप्प राहिली, आणि ते प्रसंग फार चांगले रंगले. गप्प राहण्याला खरोखर वजन देणारे खेळ मी फार थोडे पाहिलेत. समोरचा माणूस त्या शांततेचा अर्थ लावतो, कधी चिडतो, कधी खूश होतो. लेखनाची ही बाजू टेलटेलला पक्की जमली होती.

आमच्यात चौथे होते वडील. ते खुर्चीवर पेपर घेऊन बसायचे आणि ऐकत नसल्यासारखे ऐकायचे. त्यांचं सगळं आयुष्य पूर्व भागातल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून गेलं. माग बिघडला की जॉबरला बोलावतात. खटक्याच्या आवाजावरून त्याला कळतं काय बिनसलंय. आयर्नवुडचा विषय निघाला तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला. व्हाइटहिलांना जंगलाचा वाटा मिळतो, सगळं जंगल मिळण्याचीही वेळ येते, पण त्या लाकडाचं काम फॉरेस्टरांच्या माणसांनाच नीट येतं. वडील म्हणाले, “झाडं नेली म्हणून काय झालं? हात कुठून नेतील?”

सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. इथली चादर ज्या नक्षीमुळे आणि ज्या विणीमुळे ओळखली गेली, ती नक्षी जाकार्ड मागावर चढवणारी माणसं घराघरात तयार झाली. आंध्र-तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं, त्यांच्या शेजारी राहून काम शिकलेली मराठी, कानडी, उर्दू बोलणारी माणसं. चादरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तरी ‘सोलापुरी’ असं लिहून बाहेर भलतीच चादर विकली जाते. कारखान्यांनी चादर सोडून टॉवेल धरला. गिरण्या तर आमच्या लहानपणीच बंद पडत गेल्या. त्यामुळे एका घराण्याचं घराणेपण त्याच्या किल्ल्यात नाही, त्याच्या हातातल्या कामात आहे, ही गोष्ट फॉरेस्टरांबद्दल खेळाने मांडली तेव्हा आमच्या घरात ती थेट पोचली. ड्रॅगन आणि मेलेली माणसं चालणाऱ्या त्या जगात मला सर्वात खरी वाटलेली वस्तू म्हणजे ते लाकूड. आणि राग याचा, की खेळ त्या कामाजवळ कधी जातच नाही. लाकूड म्हणजे करार, लाकूड म्हणजे सौदा, लाकूड म्हणजे भांडणाचं निमित्त. एखादा प्रसंग लाकूड घडवणाऱ्याच्या हाताशी नेला असता, त्याला काय वाटतं ते विचारलं असतं, तर पुढे जंगल हातचं जातं तेव्हा कितीतरी जास्त लागलं असतं.

फॉरेस्टर मात्र सगळे लागतात. पाच जणांच्या वाटेने गोष्ट चालते. ईथन गेल्यावर रॉड्रिक येतो, मेला समजून प्रेतांच्या गाडीतून घरी आणलेला, चेहरा फाटलेला, काठी टेकत चालणारा थोरला मुलगा. मीरा राजधानीत होणारी राणी मार्जरीची दासी आहे. (हे नाव ऐकून आई सरसावून बसली. “आपलीच पोरगी आहे की,” म्हणाली, आणि शेवटपर्यंत तिचा जीव मीरातच होता.) ॲशर समुद्रापलीकडे भाडोत्री तलवार होऊन फिरतोय, व्हाइटहिलांच्या पोरीच्या प्रेमात पडला म्हणून घराबाहेर काढलेला. गॅरेड टटल घरचा नाही, घरच्या चाकरीतला. राज्याच्या उत्तर टोकाच्या भिंतीवर पहाऱ्याला पाठवला गेलेला. घरात आई एलिसा, मुलगी टालिया, ओलीस नेलेला लहानगा रायन. दुसऱ्या भागाच्या शेवटी टालिया बापासाठी आणि भावासाठी गाणं म्हणते, चितेसमोर. त्या गाण्यात मालिकेचा एकही चेहरा नाही. ईथन आणि टालिया जुळे आहेत हे तेव्हा आठवतं आणि पोटात कालवतं. आईने त्या वेळी मला मराठीत सांगू दिलं नाही. “कळतंय,” म्हणाली.

आता पाहुण्यांकडे येते. खेळात मालिकेतली मोठी मंडळी येतात आणि त्यांना आवाज त्या-त्या नटांनीच दिलेत. टिरियन झालेला पीटर डिंकलेज, सर्सी झालेली लीना हेडी, मार्जरीची नॅटली डॉर्मर, डेनेरिसची एमिलिया क्लार्क, जॉन स्नोचा किट हॅरिंग्टन, रॅमसेचा इवान रेयॉन. आवाज ऐकून सुरुवातीला अंगावर काटा येतो. पण चेहरे बिघडलेत. टेलटेलने या खेळाला तैलचित्राचा बाज द्यायचा प्रयत्न केला. पार्श्वभूमीवर ब्रशचे फटकारे दिसतात, लांबच्या कडा विरघळतात. फॉरेस्टरांच्या बाबतीत हा बाज चालून जातो, कारण खरा रॉड्रिक कसा दिसतो हे कोणीच पाहिलेलं नाही. टिरियनचा चेहरा आपल्या डोळ्यांत पक्का बसलेला आहे. तो रंगवलेला, ताठ आणि पापण्या चुकीच्या वेळी मिटणारा समोर आला की त्याचा आवाज एकीकडे आणि तोंड दुसरीकडे असं होतं.

चेहरा ही तरी वरवरची गोष्ट. खरी अडचण आत आहे. मीरा राज्याचा खजिनदार असलेल्या टिरियनशी आयर्नवुडचा करार जुळवायला धडपडते. मालिका पाहिलेल्याला ठाऊक असतं की राजा जॉफ्रीच्या खुनाच्या आळाखाली टिरियन कोठडीत जाणार आहे. म्हणजे करार बुडाला. ॲशर समुद्रापलीकडची राणी डेनेरिस हिच्याकडे सैन्य मागायला जातो. ते सैन्य तिला मालिकेत लागणार आहे. म्हणजे सैन्य मिळणार नाही. गॅरेड भिंतीवर पहारा देणाऱ्या जॉन स्नोकडे मदतीच्या आशेने बघतो. जॉनला भिंत सोडून या गोष्टीच्या मागे येता येणार नाही, मालिकेत त्याचं पुढचं सगळं तिथेच आहे. फॉरेस्टरांना ज्या-ज्या मोठ्या माणसाचा आधार मिळू शकला असता, तो प्रत्येक आधार पोकळ असल्याचं आपल्याला त्यांच्या आधी कळतं. भाऊ म्हणायचा, यात मजा आहे, आपल्याला कळतं आणि त्यांना कळत नाही. एकदा असेल मजा. चौथ्यांदा मला मीरासाठी उत्तर निवडण्यात काही अर्थ वाटेना.

यातही एक भेद मला पुढेपुढे दिसायला लागला. पाहुणा घरच्या माणसाला धमकावतो, तेव्हा प्रसंग पेटतो. पहिल्याच भागात सिंहासनासमोर सर्सी मीराची उलटतपासणी घेते. तू कोणाशी एकनिष्ठ आहेस, राजाशी की मार्जरीशी? टिरियन बाजूला उभा राहून बघतोय. तिथे टांगणीला मीरा लागलेली आहे आणि मीराचं काहीही होऊ शकतं, म्हणून श्वास अडकतो. पण घरचं माणूस पाहुण्यावर हात उचलायला गेलं की सगळी हवा जाते. रॅमसे पाचव्या भागात पुन्हा येतो, तेव्हा आम्ही तिघंही नुसते बसून राहिलो. त्याला काय म्हणायचं, काय करायचं, याचा कोणाला उत्साह नव्हता. वडिलांना मालिकेतलं काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, “मारा की त्याला.” त्या खोलीत फक्त त्यांनाच तो खेळ टेलटेलला हवा होता तसा दिसत होता. मालिका न पाहिलेल्या माणसाला या खेळाची भीती अधिक वाटणार, आणि खेळ तर विकला गेला मालिका पाहिलेल्यांना. टेलटेलसारख्या मुरलेल्या कंपनीच्या हे लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. ओळखीचे आवाज हवेत, म्हणून त्यांनी ते स्वीकारलं असावं, आणि मला ते पटत नाही.

व्हाइटहिल त्या मानाने किती चांगले शत्रू आहेत! लुड व्हाइटहिल, त्याचा माजोरडा पोरगा ग्रिफ, आणि दोन घराण्यांच्या मधे अडकलेली त्याची पोरगी ग्विन. यांच्यापैकी कोणाचंही काहीही होऊ शकतं. ग्रिफ रॉड्रिकला त्याच्याच अंगणात जमिनीवर पाडतो आणि तो काठीचा आधार घेत उठतो, किंवा उठत नाही. आपण ठरवायचं. तिथे सगळं घर ओरडायला लागलं होतं.

खेळावर लोकांनी सर्वात जास्त घेतलेला आक्षेप निवडींबद्दलचा आहे. काहीही निवडा, शेवट तोच. आम्हाला ते आमच्या भागातल्या विजेने दाखवलं. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, सतत चार्जर लावून ठेवायचा, आणि लाइट गेली की खेळ मागच्या टप्प्यावर जायचा. तोच प्रसंग पुन्हा. मग भाऊ मुद्दाम आधीच्या उलट उत्तर निवडायचा. समोरचा माणूस दोन वाक्यं वेगळी बोलायचा आणि तिसऱ्या वाक्याला मूळ रस्त्यावर यायचा. नमतं घेतलं काय आणि मान ताठ ठेवली काय, ईथन मरतोच. भाऊ वैतागला. “मग विचारतात कशाला?”

मी या आक्षेपाशी पूर्ण सहमत नाही, आणि हे मी खेळाचा बचाव करायचा म्हणून म्हणत नाही. लहान घराणं, मोठ्यांचं युद्ध. नमतं घेऊन वाचता येईल असं काही तिथे नव्हतंच. पण वाकून मेलेला ईथन आणि उभा राहून मेलेला ईथन हे माझ्यासाठी दोन वेगळे ईथन आहेत. पुढच्या भागात टालिया त्याच्याबद्दल बोलते तेव्हा मला माझाच ईथन आठवतो. मृत्यू ठरलेला आहे म्हणून वागणं निरर्थक होतं, असं मानणारा माणूस माझ्या ओळखीत कोणी नाही. सोलापुरात तर चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जा-ये असते. १९३१च्या जानेवारीत फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांच्याबद्दल आम्हाला शाळेत शिकवलं ते त्यांनी काय केलं आणि ते कसे उभे राहिले. हे खेळाच्या गोष्टीपेक्षा फार मोठं आहे, त्याची बरोबरी मला करायची नाही. एवढंच म्हणायचंय की शेवट बदलत नाही म्हणजे निवड खोटी, हा हिशेब मला मान्य नाही.

खोटी निवड कुठली, ते सांगते. ईथन पहिल्या भागात कारभारी नेमतो. डंकन टटल धीराने, बोलून प्रश्न सोडवणारा. सर रॉयलंड तलवार उपसून मोकळा होणारा. आम्ही बराच वेळ वाद घालून डंकनला नेमलं. पुढे घरात एक फितूर असल्याचं कळतं, मधला काळ संशयात जातो, आणि पाचव्या भागात तो उघड होतो. तो रॉयलंड. आम्हाला वाटलं, वा! मग भावाने शोधून काढलं की रॉयलंडला नेमलं असतं तर फितूर डंकन निघाला असता. ज्याला आपण डावलू तो फितूर.

यावर आमच्याकडे जो वाद झाला तो खेळ संपल्यावरही चालू राहिला. आई म्हणाली, यात चूक काय? डावललेला माणूसच उलटतो. तिच्या डोळ्यांसमोर वडिलांचा कारखाना होता. जुने मालक वारले तेव्हा मुलांनी दोन जुन्या माणसांपैकी एकाला मॅनेजर केलं. दुसऱ्याने महिन्याभरात काम सोडलं आणि समोरच्या कारखान्यात गेला. जाताना अर्धी गिऱ्हाइकंही घेऊन गेला. “त्याला केलं असतं तर दुसरा गेला असता,” आई म्हणाली. वडिलांनी मान हलवली. “नसता गेला. मी दोघांबरोबर काम केलंय. एकाला मान लागायचा. दुसऱ्याला डावललं असतं तर घरी बसला असता, पण समोरच्या दारात उभा राहिला नसता.”

मी वडिलांच्या बाजूची आहे. डंकनने मृत मालकाचं गुपित जपलेलं आहे, स्वतःचा पुतण्या गॅरेड त्या गुपितासाठी मृत्यूच्या तोंडी धाडलेला आहे. असा माणूस केवळ पद गेलं म्हणून व्हाइटहिलांना घरच्या बातम्या पुरवेल? त्याच्या तोंडी खेळाने कारणंही घातली आहेत, घराण्याला युद्धापासून वाचवायचं होतं वगैरे, आणि ती ऐकायला वाईट नाहीत. पण ती कारणं मागाहून जोडलेली आहेत हे दिसतं. माझ्या निवडीने एखाद्याचं नशीब बदललं तर मला चालेल, आवडेल. माझ्या निवडीने त्याचा स्वभावच बदलत असेल, तर त्याला स्वभाव नव्हताच. चार भाग मी ज्याच्याशी बोलत होते तो माणूस नव्हता, रिकामी जागा होती. ईथनच्या मरणाचा मला राग आला नाही, या गोष्टीचा अजूनही येतो.

बाकीचे दोष भरभर सांगून टाकते, कारण त्यांचं मला फार वाटत नाही. लढाया म्हणजे पडद्यावर दाखवलेली कळ वेळेत दाबणं. त्यात कौशल्य नाही आणि भीतीही नाही. चालत फिरायला दिलेल्या जागा इतक्या लहान की दोन पावलांत भिंत. हालचाली मधेच अडखळतात. गॅरेडची वाट सर्वात कच्ची. नॉर्थ ग्रोव्ह ही जागा कधीही गमावता कामा नये, असं मालकाने मरता मरता सांगितलेलं गुपित पाच भाग ताणून धरलं, आणि तिथे पोचल्यावर जे सापडतं ते आणखी एका गोष्टीची सुरुवात आहे. ती पुढची गोष्ट आलीच नाही. दुसऱ्या पर्वाची घोषणा झाली होती, मग ते लांबणीवर पडलं, आणि २०१८मध्ये टेलटेलने बहुतेक माणसं कामावरून काढली आणि कारभार गुंडाळला. एका दिवसात इतक्या लोकांचं काम जाणं म्हणजे काय, ते गिरण्यांच्या गावात राहणाऱ्याला कळतं. त्या लेखकांनी, चित्रकारांनी फॉरेस्टर घराणं उभं केलं होतं. कंपनीच्या नावाने बोटं मोडताना मला त्यांचा विसर पडू नये असं वाटतं.

पाचव्या भागाच्या शेवटी दोन भाऊ भेटतात. ॲशर परत आलाय, रॉड्रिक त्याला घ्यायला आलाय, व्हाइटहिलांनी बंदरावर घेरलंय, आणि दोघांपैकी एकच वाचू शकतो. कोण, ते आपण ठरवायचं. भावाने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी तो आईकडे सरकवला. आई म्हणाली, “मला नका विचारू असलं,” आणि उठून आत गेली. शेवटी आम्ही रॉड्रिकला मागे ठेवलं, कारण तो थोरला होता आणि थोरला तेच म्हणाला असता. या प्रसंगात ना डेनेरिस आहे ना जॉन. दोन भाऊ आहेत ज्यांच्याबद्दल मालिकेने काहीच ठरवून ठेवलेलं नाही. इथे लेखकांचे हात पूर्ण मोकळे होते, आणि काय लिहिलंय!

तसंच मीराचं. सहाव्या भागात मार्जरीने तिला टाकलंय, मोठ्यांपैकी कोणी तिच्या बाजूला उरलेलं नाही, एका रखवालदाराच्या खुनाच्या आळाखाली ती कोठडीत आहे. लॉर्ड मॉर्ग्रिन येतो. ज्याने तिला इथवर आणलं तोच. त्याला फॉरेस्टरांचं लाकूड हवंय आणि त्यासाठी फॉरेस्टरांची मुलगी. लग्न केलंस तर सुटशील. मग खुनासाठी कोळसे वाहणाऱ्या टॉमचा जीव जाईल, तोच पोरगा जो तिच्या अडीअडचणीला धावून आला. नाही म्हणालीस तर तुझं डोकं. त्या रात्री आईला आम्ही थांबवलं. तिने सगळं ऐकून घेतलं, पट्टी सुरू व्हायच्या आधीच्या क्षणापर्यंत दोनदा समजून घेतलं. म्हणाली, “कर म्हणावं लग्न. जगली तर घराला उपयोगी पडेल.” मी म्हटलं, “आणि टॉम?” ती म्हणाली, “टॉमची आई कुठंय ते दाखवलंय का?” दाखवलेलं नव्हतं. “मग मी मीराचीच बघणार.”

मी नाही म्हणाले. माझी मीरा पायऱ्या चढून गेली. आई दोन दिवस माझ्यावर रागावलेली होती. मग भावाने तिच्यासाठी मागच्या टप्प्यावरून तो प्रसंग पुन्हा लावला आणि तिच्या हाताने लग्नाचं उत्तर निवडलं. टॉमला नेताना तिने पडद्याकडे पाहिलं, नजर हटवली नाही. आम्ही अजून या एका गोष्टीवर एकमत झालेलो नाही. मला वाटतं, मोठ्यांनी लहानांचे जीव सौद्यात घालायचे ही त्या दरबाराची रीत आहे आणि फॉरेस्टरांच्या मुलीने ती उचलू नये. आईला वाटतं, हे बोलायला सोपं आहे.

दुसरं पर्व आलं असतं, तर मला त्यात डेनेरिस नको होती आणि तिचे ड्रॅगनही नको होते. माझ्या मीराने ज्याचा जीव वाचवला, त्या टॉमचं पुढे काय झालं ते मला हवं होतं.